पाणी बदलतांना

स्वच्छतेची आवड हा मोठा गुण आहे, हें आम्ही वर्गांत इतक्या वेळां सांगत असतों कीं, त्या गुणालाहि कांहीं मर्यादा असूं शकते असें लिहितांना आमचीच लेखणी क्षणभर अडखळते. घर झाडावें, भांडीं घासावींत, पाणी गाळून प्यावें, हे नियम आमच्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणीं पडले आहेत व ते तसेच राहावेत. परंतु विज्ञानाच्या खोलींत खिडकीपाशीं मांडलेल्या कांचेच्या पेटीसमोर थोडा वेळ उभें राहिलें म्हणजे एक निराळाच धडा शिकावयास मिळतो. ज्या पाण्याला आपण जुनें म्हणून नाक मुरडतों त्यांत माशांचीं पिलें सुखानें वाढत असतात. आणि ज्याला आपण स्वच्छ म्हणतों त्यांत तींच पिलें एका रात्रींत मरून पडतात. असें कां व्हावें, आणि पाणी तर बदललेंच पाहिजे, मग तें कोणत्या रीतीनें बदलावें, याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आमच्या पेटींत गप्पी मासे आहेत. हें नांव ऐकून हा मासा गप्पा मारणारा असावा असा पांचवींतील मुलांचा दरवर्षीं समज होतो आणि तो दूर करणें हें आमचें दरवर्षींचें काम असतें. वास्तविक हें एका गृहस्थाचें आडनांव होय. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटांत राहणारे रॉबर्ट जॉन लेकमिअर गप्पी यांनीं हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे पाठविले आणि १८६६ सालीं तेथील शास्त्रज्ञ आल्बर्ट गुंथर यांनीं त्यांचें नांव या माशाला दिलें. याच माशाचें वर्णन १८५९ सालींच दुसऱ्या एका शास्त्रज्ञानें केलें होतें असें मागाहून आढळून आलें. त्यामुळें शास्त्रीय नांव निराळें ठरलें. पण लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव तसेंच राहिलें. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे हा मासा हौदांत व पाण्याच्या टाक्यांत सोडण्याची चाल पडली आहे, आणि तेथूनच तो बहुतेक मुलांच्या ओळखीचा झाला आहे.

हा मासा अंडीं घालीत नाहीं. अंडीं मादीच्या पोटांतच उबतात आणि सुमारें ४ आठवड्यांनीं जिवंत पिलें बाहेर येतात. जन्मतांना पिलूं ६-७ मिलिमीटर लांब असतें. दोन टपोरे डोळे आणि त्यांच्यामागें एक पारदर्शक रेघ, एवढाच त्याचा पसारा. आईच्या मायेची मात्र त्याला आशा नाहीं. समोर पिलूं आलें तर मादी तें खाद्य समजून गिळून टाकते. म्हणून पिलांसाठीं आम्हीं एक लहान पेटी निराळी ठेविली आहे. तींत २० लिटर पाणी मावतें. या लेखांतील सर्व हिशेब त्याच पेटीचा आहे.

आतां ज्या प्रसंगानें हा लेख लिहिण्यास आम्हांस प्रवृत्त केलें तो सांगतों. एके वर्षीं दसऱ्याच्या सुमारास सातवींतील एका विद्यार्थिनीनें यांतील २२ पिलें बरणींतून घरीं नेलीं. घरीं तिच्यासाठीं लहानशी पेटी मांडलेली होती. तींत दोन महिन्यांपूर्वीं सोडलेले मोठे मासे तिनें आमच्याकडे आणून दिले व ती जागा पिलांस दिली. तीन आठवडे पिलें उत्तम वाढलीं. मग दिवाळी आली. घरांत साफसफाई सुरू झाली. नातीचीं पिलें पिवळट पाण्यांत आहेत हें पाहून तिच्या आजीबाईंनीं मोठ्या मायेनें पेटी रिकामी केली. वाळू व गाळणीचा स्पंज नळाखालीं धुतला, कांच काथ्यानें घासून लख्ख केली, ताजें पाणी कांठोकांठ भरलें आणि पिलें त्यांत सोडलीं. तिन्हीसांजेला पिलें पाण्याच्या वरच्या थराशीं येऊन तोंडें उघडूं मिटूं लागलीं. सकाळीं २२ पैकीं ३ उरलीं होतीं.

सुट्टी संपल्यावर ती मुलगी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतें. पण तिनें विचारलेला प्रश्न आमच्या मनांत अजून घर करून आहे. ती म्हणाली, "घाण पाण्यांत तीं जगत होतीं, आणि धुतल्यावर मेलीं. आजी म्हणते, माझ्या हातालाच यश नाहीं. ती आतां पेटीजवळसुद्धां जात नाहीं. तिला मीं काय सांगूं?"

ज्या घरांत एका वृद्ध बाईनें आपल्या हातांना दोष देऊन दिवाळी काढली, त्या घरीं जावयाचें उत्तर चुकीचें असून चालणार नव्हतें. म्हणून मधल्या सुट्टींत आठवडाभर आम्ही दोघें त्या पेटीपाशीं बसलों व प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून तपासून पाहिली. पुढें जें लिहिलें आहे तें त्याच बोलण्याचें सार आहे.

पेटींतील पाणी हें नुसतें पाणी नसतें. तो एक मांडलेला संसार असतो. १८५० सालीं लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं एका भांड्यांत सोनेरी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून दाखविलें कीं, हीं तिन्ही एकमेकांच्या आधारानें पुष्कळ काळ जगूं शकतात. वनस्पति प्रकाशांत प्राणवायु सोडतात, मासे तो घेतात. वनस्पतींचीं कुजकीं पानें पाणी नासवूं लागलीं तर गोगलगायी तीं खाऊन टाकतात. परंतु या संसारांत डोळ्यांना न दिसणारे आणखी एक कुटुंब राबत असतें, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें.

मासा खातो तसा मळहि टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यांत उतरतो आणि तळाशीं पडलेलें अन्न कुजलें म्हणजे त्यांतूनहि तोच निघतो. अमोनिया माशाला विषासारखा आहे. तो सांचूं लागला तर आठवड्यांतच पेटीचें स्मशान व्हावयाचें. परंतु वाळूच्या कणांवर, स्पंजाच्या छिद्रांत व कांचेवरील बुळबुळींत सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. त्यांतील कांहीं अमोनियाचें रूपांतर नायट्राइटमध्यें करतात. नायट्राइट हेंहि विषच. तें माशाच्या रक्ताला प्राणवायु वाहूं देत नाहीं. मग दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हें त्या दोहोंच्या मानानें पुष्कळच सौम्य असतें. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास अशा जंतूंचें कार्य उजेडांत आणिलें. नव्या पेटींत ही वस्ती नीट बसावयास ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे त्या मुलीच्या घरची पेटी दिसावयास मळकट होती, पण तिच्यांत एक अहोरात्र चालणारें सफाई-खातें होतें. आजीबाईंनीं घाण म्हणून जें धुऊन काढलें तें सफाई करणारांचेंच घर होतें.

दुसरें कारण नळाच्या पाण्यांतलें. रोगजंतु मरावेत म्हणून नळाच्या पाण्यांत क्लोरीन मिसळतात. भारतीय मानकाप्रमाणें आपल्या घरच्या नळाशीं लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा. त्यानें आपलें रक्षण होतें, आणि त्याबद्दल कोणीं कुरकुर करूं नये. पण माशाचा कल्ला म्हणजे उघडें, नाजूक, रक्तानें भरलेलें अंग. याच्या दहाव्या हिश्शानेंहि त्याला इजा पोंचते. पावसाळ्यांत पाणी गढूळ येऊं लागलें म्हणजे हें औषध पुष्कळदां अधिक घालतात, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिवाय क्लोरीन रोगजंतु आणि उपकारी जंतु असा भेद करीत नाहीं. नळाखालीं धरलेल्या स्पंजांतून वस्ती वाहून जाते, व जी उरते तिलाहि त्याची झळ लागते.

तिसरें कारण उष्णतेचें. दिवाळीच्या दिवसांत रात्री गार होऊं लागतात. गच्चीवरील टाकींतून सकाळीं आलेलें पाणी व खोलींतील पेटींतलें पाणी यांत पांच-सहा अंशांचें अंतर सहज पडतें. आपण थंडींत शाल पांघरतों. माशाच्या अंगाची उष्णता मात्र भोंवतालच्या पाण्याबरोबर चढते व उतरते. त्याला ती आपल्यासारखी राखतां येत नाहीं.

चौथें कारण सर्वांत लपलेलें. पाणी किती आम्ल किंवा किती अल्कधर्मी आहे हें मोजण्याचें जें माप आहे त्याला सामू म्हणतात. पाणी जुनें झालें, व बरेच दिवस बदललें नाहीं, म्हणजे त्याचा सामू हळूहळू उतरतो. आतां अमोनियाचें असें आहे कीं, तो पाण्यांत दोन रूपांनीं राहतो. त्यांतील एक रूप फारसें अपाय करीत नाहीं व दुसरें जहाल असतें. २५ अंश उष्णतेच्या पाण्यांत सामू ७ असेल तर जहाल रूप शेंकडा अर्ध्याहून किंचित् अधिक असतें. सामू ८ झाला कीं तेंच शेंकडा ५ च्या वर जातें. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण त्याचा दंश जवळ जवळ दसपट. दख्खनच्या खडकांतून येणारें विहिरीचें पाणी पुष्कळदां कठीण व अल्कधर्मी असतें. बरेच दिवस तसेंच राहिलेल्या पेटींत असें पाणी एकदम निम्में-अधिक ओतलें तर आंत निजलेलें विष त्याच क्षणीं जागें होतें. मोठ्या माशांची पेटी "इतके दिवस चांगली होती, पाणी बदललें आणि मासे मेले" अशी जी तक्रार आपण ऐकतों, तिच्या मुळाशीं पुष्कळ वेळां हेंच असतें.

हीं कारणें ऐकून त्या मुलीनें लगेच निष्कर्ष काढला, "मग पाणी बदलूंच नये." विद्यार्थ्यांनीं निष्कर्ष काढावा हें आम्हांस आवडतें, म्हणून आम्हीं तिला आठवींतील एका मुलाची वही दाखविली. हा मुलगा याच मताचा होता. पाणी आटलें कीं तेवढें भरावयाचें, काढावयाचें कांहींच नाहीं, असा त्याचा क्रम होता. परंतु भर घालणें म्हणजे बदलणें नव्हे. पाणी आटतें तेव्हां वाफ तेवढी उडून जाते. क्षार व नायट्रेट मागें राहतात. मिठागरांत मीठ तयार होतें तें याच न्यायानें. त्याच्या वहींत दोन महिन्यांत एकहि पिलूं मेल्याची नोंद नव्हती. पण दर आठवड्याला त्यानें पट्टीनें मोजलेली लांबी पाहिली तर पिलें जागच्या जागीं अडकून राहिलेलीं दिसत होतीं. त्यांच्याच बरोबर जन्मलेलीं आमच्या पेटींतील भावंडें त्यांच्या जवळ जवळ दीडपट झालीं होतीं. मरण हें एकच वाईट पाण्याचें लक्षण नव्हे. खुंटणें हेंहि आहे.

पिलांचा पेच येथेंच आहे. तीं वाढीचीं असतात, म्हणून दिवसांतून चार-पांच वेळां थोडथोडें खातात. खाणें अधिक म्हणून मळ अधिक. मळ अधिक म्हणून त्यांचें पाणी मोठ्या माशांच्या पाण्याहून अधिक वेळां बदलावें लागतें. आणि बदल सोसण्याची शक्ति मात्र त्यांच्याच अंगीं सर्वांत कमी. न बदलावें तर खुंटतात, बदलावें तर मरतात. या पेचांतून वाट आहे ती गणिताच्या वहींतून जाते.

समजा, पेटींतील पाणी २६ अंशांवर आहे व बादलींतील २० अंशांवर. निम्में पाणी बदललें तर पेटीचें पाणी २३ अंशांवर येईल. पिलांना एकदम ३ अंशांचा धक्का. तेंच दहावा हिस्सा बदललें तर पाणी २५.४ अंशांवर राहील. फरक अवघा ०.६ अंशाचा. आतां कोणी म्हणेल कीं, दहाव्या हिश्शानें काय होणार? तर पुढें पाहा. रोज दहावा हिस्सा बदलला तर पहिल्या दिवशीं जुन्या पाण्याचे शंभरांतील ९० भाग उरतात, दुसऱ्या दिवशीं ८१, तिसऱ्या दिवशीं सुमारें ७३, आणि असें करीत करीत सातव्या दिवशीं सुमारें ४८. म्हणजे आठवड्याच्या शेवटीं निम्म्याहून किंचित् अधिक पाणी बदललेलें असतें. आणि पिलांना तें कळलेलेंहि नसतें! एका दिवसांत केलेल्या मोठ्या कामानें जें साधावयाचें तें सात दिवसांच्या लहान कामानें साधलें, आणि कोणाचा जीव गेला नाहीं. चक्रवाढ व्याजाचें उदाहरण सोडवितांना कंटाळणाऱ्या मुलांनीं हें उदाहरण एकदां स्वतः सोडवून पाहावें.

आमच्या २० लिटरच्या पेटींत रोज २ लिटर पाणी बदलावयाचें असा नियम आम्हीं यावरूनच ठरविला आहे. त्याची रीत सांगतों. ज्यांच्या घरीं पिलें आहेत त्यांना ती उपयोगी पडेल.

आदल्या दिवशीं पसरट टोपलींत, म्हणजे प्लॅस्टिकच्या टबांत, नळाचें पाणी काढून वर विरळ कापड टाकावें आणि तीन-चार वेळां ढवळावें. २४ तासांत साधा क्लोरीन उडून जातो. कांहीं ठिकाणीं क्लोरीन अमोनियाशीं बांधून पाण्यांत सोडतात. तो असा ठेवून जात नाहीं. तेथें माशांच्या दुकानांत मिळणारें क्लोरीन मारण्याचें औषध बाटलीवर लिहिलेल्या मापानें घालावें. टब पेटीच्याच खोलींत ठेवावा. रात्रभरांत दोहोंची उष्णता आपोआप जुळते. तरी बदलण्यापूर्वीं तापमापक दोन्ही पाण्यांत बुडवून पाहावा. एका अंशाहून अधिक अंतर असेल तर थांबावें.

भांड्याविषयीं दोन शब्द. आपल्याकडे रात्रभर तांब्याच्या हंड्यांत ठेविलेलें पाणी पिण्याची जुनी व चांगली चाल आहे. पण तें पाणी माशांना देऊं नये. तांब्याचा जो अंश पाण्यांत उतरतो तो आपल्याला कांहीं करीत नाहीं, पण लहान माशांना व गोगलगायींना घातक होतो. साबणाची बादलीहि वर्ज्य. टबावर 'मासे' असें लिहून तो निराळा ठेवावा, म्हणजे घरांतील कोणाचा गैरसमज होत नाहीं. हल्लीं पुष्कळ घरीं पाणी शुद्ध करण्याचें यंत्र असतें. तें पाणी सर्वांत शुद्ध, तेव्हां माशांना सर्वांत चांगलें, असें कित्येक पालक समजतात. परंतु त्यांतील बहुतेक क्षार निघून गेलेले असतात, आणि गप्पी माशाला क्षार असलेलें, कांहींसें कठीण पाणीच मानवतें.

पाणी काढावयास बोटभर जाडीची नळी नको. हवेच्या पंपाला लावतात तसली बारीक नळी घ्यावी आणि तिच्या तोंडाला मलमलीचा तुकडा दोऱ्यानें बांधावा. पदार्थविज्ञानांत शिकलेली वक्रनलिका ती हीच. नळी तोंडानें ओढूं नये. ती आधीं पाण्यानें भरून घ्यावी, बोटानें एक टोंक दाबून धरावें, दुसरें पेटींत बुडवावें व मग बोट काढावें. खालीं पांढरें भांडें ठेवावें. पांढरें अशासाठीं कीं, एखादें पिलूं निसटून आलेंच तर तें काळ्या ठिपक्यासारखें दिसतें. काढलेलें पाणी पाहिल्यावांचून फेंकूं नये हा आमच्या खोलींतील पहिला नियम आहे. सांपडलेलें पिलूं जाळीनें उचलूं नये. चमच्यानें पाण्यासकट उचलावें.

तळाचा मळ एका दिवशीं अर्ध्या भागांतला काढावा, दुसऱ्या दिवशीं उरलेल्या भागांतला. नवें पाणी तांब्यानें ओतूं नये. टब स्टुलावर ठेवून त्याच बारीक नळीला सैल गांठ मारावी व सुईएवढी धार सोडावी. २ लिटर पाणी आंत जावयास अर्धा तास लागला तर काम उत्तम झालें असें समजावें. महिन्यांतून एकदां गाळणीचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यांत दोन-तीनदां पिळून पुन्हां जागीं ठेवावा. नळाखालीं कधींहि धरूं नये. तो स्वच्छ दिसणार नाहीं. दिसूं नये.

या नियमाला एकच अपवाद आहे. खाद्याचा डबा पेटींत सांडला किंवा पाण्याला दुर्गंधि सुटली, तर रोजचे २ लिटर पुरणार नाहींत. तेव्हां तयार करून ठेविलेलें, क्लोरीन गेलेलें व सारख्या उष्णतेचें पाणी अधिक प्रमाणांत घालावेंच लागतें. म्हणून एक टब नेहमीं भरलेला असावा. संकटाच्या वेळीं धावपळ करून कोरें पाणी आणण्यापेक्षां आदल्या दिवशींची तयारी बरी.

काढलेलें पाणी आम्ही शाळेच्या बागेंतील गुलाबांना घालतों. त्यांतील नायट्रेट झाडांना खत होतें. मात्र पिलें पुष्कळ झालीं म्हणून तीं ओढ्यांत किंवा तळ्यांत सोडूं नयेत. गप्पी हा परदेशचा मासा आहे. तो तेथें माजला तर आपल्याकडील लहान मासे व त्यांचीं अंडीं संकटांत येतात. जास्त झालेलीं पिलें आम्ही विद्यार्थ्यांस वांटतों, पण तीं मागणाऱ्यानें प्रथम आठवडाभर टब भरून, ढवळून व तापमापक पाहून दाखवावें लागतें.

ती मुलगी जानेवारी महिन्यांत पुन्हां पिलें मागावयास आली. आम्हीं विचारलें, "आजीबाई काय म्हणाल्या?" तिनें सांगितलें कीं, आठवडाभर ऐकलेलें सर्व तिनें आजीला समजावून दिलें. क्लोरीन, सामू व नायट्राइट हे शब्द आजींनीं नुसते ऐकून घेतले. पण पाणी थोडें थोडें व सारखें करून घालावयाचें, हें ऐकतांच त्या म्हणाल्या, "अग, हें मला आधीं कां नाहीं सांगितलें? तान्ह्या लेंकराला न्हाऊं घालतांना आम्ही पाण्यांत कोपर बुडवून पाहतों. अंगावरचें दूध सोडवितांना एकदम भाकरी देत नाहीं. आधीं पेज, मग मऊ भात. मासा झाला म्हणून काय, लेंकरूंच तें."

आम्हीं आठवडाभर जें शिकविलें तें त्या बाईंना ठाऊकच होतें. त्यांना ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं, मासा हाहि त्याच नियमांतला आहे. ज्ञान पुष्कळदां असें आपल्या घरांत बसलेलें असतें, आणि शाळेचें काम त्याची दुसऱ्या गोष्टीशीं गांठ घालून देणें एवढेंच असतें.

त्या खेपेस ती २० पिलें घेऊन गेली. धुतलेली पेटी जवळ जवळ नवीच झाली होती. म्हणून आमच्या गाळणींतील स्पंजाचा एक तुकडा आम्हीं तिला ओल्यानें दिला, कारण त्यांत राबणारांची वस्ती तयार होती. पहिले १५ दिवस खाद्य बेताचें दिलें. टब रोज संध्याकाळीं भरून ठेवण्याचें काम आजींनीं आपणांकडे घेतलें. तिच्या वहींत सकाळची उष्णता, काढलेलें पाणी, घातलेलें पाणी व पिलांची संख्या अशीं चार घरें आखलेलीं होतीं. दहाव्या दिवशीं १८ आंकडा लिहिलेला होता. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत तो बदलला नाहीं. पांचव्या आठवड्यांत नरांच्या शेपटीवर रंग उतरूं लागला, त्याची नोंद मात्र निराळ्या, थरथरत्या अक्षरांत होती. ती आजींनीं स्वतः केली होती.

पालकांस आमची एक विनंति आहे. आपल्या मुलानें पेटी मांडली असेल तर ती धुण्याचा उत्साह आवरावा. आणि मुलाला रोजच्या त्या २ लिटरांचा कंटाळा येऊं लागला तर त्याच्या बदल्यांत तें काम स्वतः करूं नये, शेजारीं बसावें. कोंवळ्या जिवाला बदल नकोच असतो असें नाहीं. बदलावांचून तो खुंटतो. त्याला झेपेल एवढ्या मापानें, जुळवून आणि रोज तो मिळावा लागतो. हें माप पाहावयास पाव तास लागतो, आणि तो पाव तास देणारें माणूस घरांत असावें लागतें.

उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या खोलींतील पेटी कोणी सांभाळावयाची हा प्रश्न दरवर्षीं येतो. यंदा चार विद्यार्थ्यांनीं आपलीं नांवें दिलीं आहेत. पांढरें भांडें, मलमलीचा तुकडा व तापमापक कपाटाच्या खालच्या खणांत आहेत. मे महिन्यांत टब उन्हांत राहणार नाहीं व पाणी तापणार नाहीं, एवढें त्यांनीं रोज पाहावें.